हातोडेश्वराचं लग्न

"सीदे हात से, मियाँ, सीदे हात से!"

मौलवीसाहेबांचा हा आवाज आणि त्यामागून येणारी छडीची शीळ मला अजून ऐकू येते. तेव्हा निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दू होती, 'सीदा हात' म्हणजे उजवा, आणि पान त्या हाताकडून सुरू होतं ही गोष्ट सूर्य पूर्वेला उगवण्याइतकी साधी होती. घरी आई जात्यावर ओव्या म्हणायची. त्यांना डावी-उजवी बाजू नव्हती. त्या पिठासारख्या चहूकडून झरायच्या. पुढं राज्य बदललं, शाळा मराठी झाल्या, मीही मराठीचा मास्तर झालो आणि दुसरीच्या पोरांचं बोट धरून त्यांना पाटीवर डावीकडून उजवीकडं नेऊ लागलो. पण छडीखाली शिकलेलं बोटांत मुरतं. ते कधी वर येईल याचा भरवसा नाही. माझ्या बाबतीत ते भरसभेत वर आलं. त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी नळदुर्गच्या मोटार-स्टँडवर उतरलो की ऊन असो-नसो, मी छत्री उघडून चेहऱ्यापुढं धरतो. लोक म्हणतात, राघवेंद्र मास्तरांना उन्हाचा त्रास आहे. म्हणू देत.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मुलांसाठी नवी पुस्तकं लिहा, असा वरून आग्रह होता. मी तेव्हा पाळणे आणि भूपाळ्या लिहीत असे. आमचे हेडमास्तर गोपाळकृष्णपंत त्या डोळे मिटून ऐकत आणि डोळे उघडून म्हणत, "गोड आहे. पण राघवेंद्र, यात मारामारी नाही. पोरं मारामारी मागतात."

मारामारी मला सोलापूरच्या जुन्या बाजारात, रद्दीच्या ढिगात सापडली. एक इंग्रजी पुस्तक होतं. युरोपच्या पार उत्तरेला, जिथं निम्मं वर्ष बर्फ असतं, तिथल्या जुन्या लोकांच्या देवांच्या कथा. त्यांचा थोरला देव एकाक्ष. त्याच्या दोन खांद्यांवर दोन कावळे, आणि ते रोज जगभर फिरून त्याला बातम्या आणून देतात. हे वाचल्यावर तो मला एकदम आपल्याच तालुक्यातला वाटला. त्याचा लेक तांबड्या दाढीचा, हातात हातोडा. फेकला की शत्रूचं डोकं फोडून परत हातात येणारा. त्याच्या गाडीला दोन बोकड जुंपलेले; रात्री ते शिजवून खायचे, हाडं कातड्यावर मांडून ठेवायची, सकाळी बोकड उठून उभे! तुळजापूरच्या वाटेनं बोकड नुसते जातानाच पाहिलेल्या माणसाला ही व्यवस्था फार भावली.

त्यातली एक कथा तर अंगाईसारखी माझ्या मनात घोळू लागली. देव झोपलेला असताना हातोडा चोरीला जातो. चोर म्हणजे एक राक्षस. तो म्हणतो, देवलोकातली सुंदर देवी मला बायको म्हणून द्या, मग हातोडा देतो. देवी नाक मुरडते. शेवटी सगळे देव मिळून हातोडेवाल्यालाच नवरी म्हणून सजवतात आणि राक्षसाच्या मांडवात नेऊन बसवतात. लग्नविधीसाठी हातोडा आणून नवरीच्या मांडीवर ठेवतात, आणि मग नवरी उठते. पुढचं सांगायला नको.

आता ही कथा काढायची कशी, याचं उत्तर हमरस्त्यावरच्या हॉटेलात होतं. हॉटेल बलभीम हवालदारांचं. राहणार अणदूरचे, मोठ्या लढाईच्या काळात सोलापुरात जाऊन पलटणीत भरती झालेले आणि थेट जपानापर्यंत जाऊन आलेले. तिथल्या लढाईच्या हकिकती चहाबरोबर फुकट असत. येताना तिथल्या बाजारातून तांबड्या पुठ्ठ्याचं एक चित्रांचं पुस्तक त्यांनी आणलं होतं. हात धुतल्याशिवाय ते कुणाला देत नसत. मी तसलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. पानावर चौकटीच चौकटी. धावणाऱ्या माणसामागं रेघांची नुसती सर. एक ठोसा दोन-दोन पानं पुरवलेला: एका चौकटीत मूठ, दुसरीत विस्फारलेला डोळा, तिसरीत हवेत उडालेले दात. अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती आणि कुणाचं अडतही नव्हतं. पुस्तक उजव्या हाताकडून उघडायचं. मी तसंच उघडलं, तसंच पाहत गेलो. आपण काही वेगळं करतो आहोत हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्या तांबड्या पुस्तकाच्या धाटणीवर बर्फातल्या देवाची कथा काढायची, चौकटींखाली ओव्या घालायच्या, आणि देवाला चेहरा द्यायचा बलभीम हवालदारांचा, असं मी ठरवलं. कारण आसपासच्या पाच तालुक्यांत तशी मिशी नव्हती.

"माजं तोंड?" हवालदारांनी बशी खाली ठेवली. "पुस्तकात?"

"तुमच्याशिवाय हातोडा शोभणार कुणाला?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "काडा. पर एक सांगून ठिवतो, मास्तर. माज्या अनसूयाचं माकणीच्या उत्तरेश्वरच्या पोराशी जमत आलंय. पोरगं गुणाचं हाय. पोरीच्या बी मनात हाय. पर पाव्हणा लई बारीक बघनारा. गावात माजं हसू झालं तर सोयरीक मोडंल. तेवडं तुमच्या हातात."

"हसू? अहो, पाव्हणे तुमच्या पाया पडतील!"

मी हे म्हणालो आणि लुगड्याचा भाग गिळला. कथेत पुढं लुगडं आहे, नथ आहे, मुंडावळ्या आहेत, हे मी हवालदारांना सांगितलं नाही. घरी आमच्या प्रमोदिनीनं मात्र चित्रं पाहताक्षणी विचारलं, "हवालदारांना विचारलंत?"

"अगं, शेवटी हातोडा परत मिळतो. शेवट पाहिला की मधलं माणूस विसरतं."

"लग्न झाल्यावर मी मधलं काय-काय विसरले, ते एकदा सांगीन तुम्हाला," ती म्हणाली आणि लसूण सोलायला बसली.

नवरीच्या चित्रांसाठी समोर काहीतरी हवं, म्हणून मी गादीवरच्या लोडाला प्रमोदिनीचं हिरवं लुगडं नेसवलं आणि दोऱ्यानं नथ अडकवली. शेजारच्या कमलबाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं.

"अगं बाई! लोडाचं लगीन?"

तिथून पुस्तक माझं एकट्याचं राहिलं नाही. मूळ कथेत ही नवरी मांडवात अख्खा बैल फस्त करते. कमलबाईंनी तोंडाला पदर लावला. "बैल? पोळ्याला आपण त्याला पुरणपोळी देतो, आन् तुमची नवरी त्यालाच खाणार?" मी बैल खोडून पाटीभर पुरणपोळ्या काढल्या. कापडाचे व्यापारी शिवलिंगप्पा मुद्दाम घरी येऊन म्हणाले, "लुगडं हिरवं हाय ते ठीक, पर इरकलीच पायजे. काठ असा काढा, की गिऱ्हाईकानं वळखलं पायजे. कोपऱ्यात आमच्या दुकानाचं नाव असू द्या." मी काठ काढला. सबंध पुस्तकात सर्वांत सुबक काय असेल तर तो काठ. गोपाळकृष्णपंतांना परकी नावं मंजूर नव्हती, म्हणून देवाचा हातोडेश्वर झाला. एवढ्या सगळ्यांतून माझ्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा ओव्याच काय त्या उरल्या. एक अजून आठवते:

लाडकी नवरी बाई, मांडवी कशी ग बसे
मुंडावळ्यांच्या आड, मिशीचं टोक दिसे

शाळेनं पुस्तकं विकत घ्यायची तर तालुक्याहून मंजुरी हवी. तिथं बाबूराव कारकून होते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे कुठल्या सदरात घालू?"

"बालवाङ्मय."

"देव आहेत, म्हणजे धार्मिक. धार्मिकाला आपल्याकडे मनाई. आणि देव परदेशी. आले कसे?"

"रद्दीतून."

"तसं लिहिता येत नाही, मास्तर." बाबूराव विचारात पडले. दर आठवड्याला मी जायचो, दर आठवड्याला ते विचारात असायचे. शेवटी त्यांनी मार्ग काढला. हातोडा आहे, मारामारी आहे. मग त्यांनी माझं पुस्तक व्यायाम-साहित्यात घातलं, मुद्गल आणि लेझमीच्या मध्ये. मंजुरी आली. एका कवीचं लेखन मुद्गलाशेजारी बसलं, याचं मला त्या वेळी वाईट वाटलं. पुढं ज्या गोष्टींचं वाईट वाटायचं होतं, त्यांची मला तेव्हा कल्पना नव्हती.

छपाई सोलापुरात शरणबसप्पांच्या शिळाप्रेसवर झाली. दगडावर चित्र उतरवायचं आणि छापायचं. त्यांचा सारा जन्म उर्दू कॅलेंडरं आणि निकाहाच्या पत्रिका छापण्यात गेला होता. माझी पानं त्यांनी लावली, उजव्या अंगाला शिवण घातली, पुस्तक उलगडून पाहिलं आणि निम्म्या कानडीत म्हणाले, "सरी अदा री, मास्तर. एकदम बराबर." मीही पाहिलं. एकदम बराबर. पहिली चौकट उजवीकडं, दुसरी तिच्या डावीकडं. जपान्यांनी तसंच केलं होतं, मौलवीसाहेबांनी तसंच शिकवलं होतं, शरणबसप्पांनी तसंच बांधलं होतं. आम्हा दोघांत एकालाही आठवलं नाही, की हे पुस्तक मराठी आहे.

प्रकाशन शाळेच्या पटांगणात ठेवलं. पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले शिक्षणखात्याचे साहेब पाहुणे. पुढच्या रांगेत बलभीम हवालदार, कोटावर बिल्ले लावून. त्यांच्या शेजारी मुद्दाम बोलावलेले माकणीचे उत्तरेश्वर, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून, जणू बैल पारखायला आलेत असे. बायकांत हवालदारांची विठाबाई आणि मान खाली घातलेली अनसूया.

पुस्तकं वाटली. हवालदारांनी आपली प्रत उघडली आणि एकेक पान सावकाश पाहू लागले. मध्येच त्यांचा हात थांबला. मग पानच उलटेना. मला वाटलं, अभिमानानं भरून आलं असेल. माझेच डोळे पाणावले.

साहेब उभे राहिले. "मी आपल्याला या सचित्र कथेची ओळख करून देतो," म्हणाले आणि मराठी माणसानं उघडावं तसं त्यांनी पुस्तक उघडलं. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "समाप्त."

मी दचकलो. साहेबही किंचित दचकले, पण अधिकारी माणूस थांबत नाही.

"पहिल्याच चित्रात आपले नायक, म्हणजे, अरे वा, हे तर समोरच बसले आहेत! नायकानं सगळे राक्षस लोळवले आहेत." टाळ्या पडल्या. उत्तरेश्वरांनी मान हलवली. साहेबांनी पान उलटलं. "आता राक्षस... उठून बसले आहेत. आणि नायक... लुगडं नेसले आहेत." टाळ्या विस्कळीत झाल्या. "राक्षस नायकाच्या मांडीवरचा हातोडा काढून घेतात. नायक पुरणपोळ्या खातात. राक्षस विचारतो... नाही, आधी उत्तर आहे. 'आठ दिवस उपाशी होती हो, तुमच्या ओढीनं.' मग प्रश्न आहे, 'इतकं कशी खाते?'"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

मी उभा राहिलो. "साहेब, इकडून नाही, तिकडून" असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच, आणि तेही मौलवीसाहेबांच्याच सुरात.

"सीदे हात से, मियाँ! सीदे हात से!"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं, आणि पुस्तक डाव्या हातातून उजव्या हातात घेऊन तसंच पुढं वाचू लागले. गाडीतून वरात, सुबक काठाचं लुगडं, मुंडावळ्या, देवांनी नथ घालण्यासाठी धरलेलं नाक, सगळं मागून पुढं. शेवटचं चित्र हवालदारांचं: अंथरुणावर बसून छाती पिटत आहेत, आणि खाली, "हातोडा माझा गेला ग बाई." साहेबांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे," ते गंभीरपणे म्हणाले, "नायक युद्ध जिंकतात, मग शत्रूशी विवाह करतात, आणि अखेरीस त्यांना पश्चात्ताप होतो. बोधप्रद आहे."

मग जे हसू उठलं, ते किल्ल्याच्या तटावर आपटून परत आलं. शिवलिंगप्पा तेवढ्यात शेजाऱ्याला काठ दाखवत होते. उत्तरेश्वरांनी समोर आलेला चहा हातानंच मागं सारला आणि "निघतो" म्हणून उठले. हवालदार हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बिल्ले एकेक करून काढले, खिशात घातले आणि विठाबाई-अनसूयेला घेऊन चालू लागले.

दुसऱ्या दिवसापासून हमरस्त्यावरचे ट्रकवाले हवालदारांच्या हॉटेलात "नवरीच्या हातचा चहा" मागू लागले. हवालदारांनी हॉटेल बंद ठेवलं. मी शाळेत जाताना बोळाबोळांनी जायचो, आणि बोळातही पोरं माझ्यापुढं उलटी, पाठ पुढं करून चालायची. बाबूराव भेटले. म्हणाले, "मास्तर, आता हे व्यायामात बसत नाही. विवाहाचं सदर आमच्याकडं नाही." तिकडं अणदूरला अनसूया विहिरीवर जायची बंद झाली, असं कमलबाईंनी ऐकून सांगितलं, आणि त्या दिवशी त्यांनी मला कुठलाच सल्ला दिला नाही. ते सर्वांत जास्त लागलं.

"अणदूरला जा," प्रमोदिनी म्हणाली. "ओव्या करू नका. माफी मागा."

रविवारी सकाळी गेलो. दारात परक्या वहाणा होत्या. आत माकणीचे उत्तरेश्वर बसलेले. त्यांच्यापुढं चहाची कपबशी, न शिवलेली, वर साय धरलेली. हवालदार समोर भिंतीला टेकून. विठाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या; अनसूया आतल्या दाराआड असावी, कारण दार किलकिलं होतं.

मी बसायच्या आधीच बोलू लागलो. पुस्तक काढलं, उजवीकडून उघडलं, पाहुण्यांना पहिल्या चौकटीपासून सगळं दाखवलं. "बघा, असं आहे. शेवटी हातोडा मिळतो. चूक माझी, हवालदारांची काडीइतकी नाही."

उत्तरेश्वरांनी सगळं शांतपणे पाहिलं. "पुस्तकाचं सोडा, मास्तर. पोरखेळ हाय त्यो. म्या दुसऱ्याच गोष्टीला आलोय." ते हवालदारांकडं वळले. "त्या दिशी हसण्या-खिदळण्यात आमच्या गावचा एकजण बोलला, त्यो बी फौजेत हुता. म्हनला, जपानात आपली पलटण गेली तवा लढाई मिटून गेलीवती. पोरगी तुमची सोन्यावानी हाय. पर खोट्याशी सोयरीक मला जमायची न्हाय. तुमी तिकडं लढलासा का?"

मला वाटलं, हीच भरपाईची वेळ. "लढले म्हणजे काय! अहो, यांनी तिथं एकट्यानं..."

"मास्तर," हवालदार म्हणाले, "गप ऱ्हावा."

मी पुस्तक मिटलं. ते माझ्याकडं वळले.

"उजवं-डावं मला कळतंय. म्या बी सरळच बघितलं पुस्तक, पयल्या पानापासनं. मला एकच सांगा. लुगड्याचं तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? त्या इंग्रजी कथेतच आहे."

"शपत?"

"प्रमोदिनीची शपथ."

त्यांनी एक लांब श्वास सोडला, आणि तो सोडताना त्यांचा तो मोठा देह मला एकाएकी लहान दिसला. म्हणजे इतके दिवस या माणसाला हसण्याचं दुःख नव्हतं. कुणाला तरी काहीतरी कळलं आहे, या धाकात ते बसले होते.

"कसलं लुगडं?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

"न्हाय लढलो, पाव्हणं," हवालदार म्हणाले. "तुमचा गडी खरं बोलला. आमी उतरलो तवा तिथं गोळी घालाया कुनी उरलंच नव्हतं. गावंच्या गावं जळून कोळसा. लेकरं सडकंच्या कडंला बसायची. हात पसरायची न्हाईत, रडायची बी न्हाईत. नुसती बसायची."

भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

"मग करत काय हुतासा?"

"सुभेदारानं पलटणीच्या करमणुकीला तमाशाचा फड उभा केला. आता बाई कुठनं आणायची? म्या मिशी काडली."

"मिशी?" विठाबाई पहिल्यांदाच बोलल्या. पिठाचे हात तसेच हवेत राहिले.

"व्हय. लुगडं नेसलो, चाळ बांधलं. पलटण हसली, म्हनून दुसऱ्या दिशी पुन्यांदा नेसलो. तवा तारंच्या कुंपणापल्याड ती लेकरं येऊन हुबी ऱ्हायली. बोललेलं एक अक्षर कळत नव्हतं त्यास्नी. म्या एक गिरकी घेतली आन् त्यातलं एक पोरगं हसलं. मग दुसरं. मग समदीच. त्यांच्या आया लांबनं बघत हुत्या, त्या तोंडाला हात लावून रडाया लागल्या." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग काय, रोज नेसलो. घरी येताना मिशी वाडवून आलो. गाव म्हनलं लढाई सांगा, तवा लढाई सांगत बसलो. नाचाचं कुणाला सांगनार?"

विठाबाई नवऱ्याकडं अशा पाहत होत्या, जणू इतक्या वर्षांनी कुणी तरी नवंच माणूस दारात येऊन उभं राहिलंय. आतलं दार आणखी बोटभर उघडलं.

उत्तरेश्वरांनी समोरची कपबशी उचलली. फुंकर घालून साय कडेला केली, बशीत चहा ओतला आणि एक घोट घेतला.

"आन् नाच येत हुता का, का नुसतंच लुगडं?"

हवालदारांनी मान वर केली.

"लई चांगला नाचत हुतो, पाव्हणं," ते म्हणाले. "लई चांगला."